वाफ हवी, दाब नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या उद्योगांच्या पानावर घरच्या घरी लाकडी धनुष्य कसं करावं, याची कृती आली आहे. लिहिणाऱ्याचा उत्साह मला आवडला. पोरं मोबाइल ठेवून हातात रंधा धरणार असतील तर माझा आशीर्वाद आहे. पण त्या कृतीत असं छापलंय की, प्रेशर कुकरची शिटी काढून तिथे रबरी नळी बसवा, नळीचं दुसरं टोक प्लंबरकडच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपात सोडा, पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणं घट्ट बसवा आणि आत लाकूड दोन तास वाफवा. हे कोणी तसंच्या तसं केलं तर धनुष्य राहील बाजूला आणि घरातलं कोणीतरी भाजेल. म्हणून हे पत्र.

मी परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्न मेकर होतो. यंत्राचा भाग बिडात ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो, ते माझं काम. ८२च्या संपानंतर गिरणी गेली. मग फर्निचर केलं, दुकानांचे काउंटर केले. आता गुडघे कुरकुरतात, मोठं काम झेपत नाही, म्हणून धनुष्यं करतो. भाचीची मुलगी तिरंदाजी करते, तिच्या मैदानावरची पोरंही वाकडी झालेली धनुष्यं घेऊन येतात. आमच्या खोलीत वेगळं वर्कशॉप कुठलं असणार? मोरी, गॅसची शेगडी आणि गॅलरीतला चार फुटांचा तुकडा, एवढ्यातच सगळं बसवायचं. त्यामुळे घरातल्या सामानावर काम करायला माझा विरोध नाही. मी दुसरं काही करतच नाही.

आधी कुकर. शिटी बसवलेल्या कुकरात दाब वाढतो, म्हणून आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. उघड्या पातेल्यात ते १०० अंशांना उकळतं. डाळ पटकन शिजायला ते वरचे वीस अंश लागतात, लाकडाला लागत नाहीत. लाकडात सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन असतं. लिग्निन ओलं असलं की शंभर अंशांच्या आतबाहेर मऊ पडतं, तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. गार झालं की पुन्हा घट्ट, आणि नवा आकार टिकतो. म्हणजे लाकडाला हवी शंभर अंशांची ओली ऊब आणि भरपूर वेळ. दाबाचं यात कामच नाही. वाफेच्या पेटीला मोकळं तोंड पाहिजे, तिथून वाफ सतत बाहेर पडताना दिसली पाहिजे. तोंडं घट्ट बंद करा, हे छापणाऱ्याने कधी वाफ दिलेली नाही, असं मला त्याच वाक्यावरून कळलं.

नळी कुठेतरी दुमडते, तिच्या पोटात पाणी साचतं, किंवा लाकडाचा भुसा येऊन अडकतो. मग दाब मागे कुकरात चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नशीब. तोही जुना, डाळीच्या फेसाने बुजलेला असेल तर काय होतं ते चाळीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. आणि पांढरा पीव्हीसी पाइप गार पाण्यासाठी असतो. साठ अंशांपुढे तो वापरायचाच नसतो. ऐंशीच्या सुमारास तो मऊ पडून मधोमध लोंबायला लागतो. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी पाइप मिळतो, तो चालेल का, असं मला एकाने विचारलं. त्याची मर्यादा नव्वदच्या थोडी पुढे संपते. वाफ शंभराची. नाही चालणार.

भाजण्याचंही सांगतो, कारण उकळतं पाणी आणि वाफ दोन्ही शंभर अंशांचीच, मग फरक काय, असं लोकांना वाटतं. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी अंगाच्या उष्णतेपर्यंत निवताना साठ-पासष्ट कॅलरी देतं. वाफ लाकडाला झपाट्याने तापवते ती याच हिशेबाने. मनगटावर आली तर तिथेही हिशेब तोच.

मग करायचं काय? मी मोदकपात्र वापरतो. सूनबाईंनी जुनं मला दिलं आणि नव्याला हात लावायचा नाही, अशी तंबीही दिली. धनुष्य माणसाएवढं उंच असलं तरी वाफ त्याच्या सगळ्या अंगाला द्यावी लागत नाही. वाकवायची असतात ती टोकं, फार तर आठ-दहा इंच. मोदकपात्रात तळाला पाणी, वर जाळी. झाकणाऐवजी चांदीच्या कागदाचा दुहेरी तंबू करायचा, लाकडाचं टोक त्यात तिरकं खुपसायचं, बाकीचं धनुष्य स्टुलावर टेकवायचं. लाकडाभोवती फडकं सैल गुंडाळायचं आणि तंबूच्या वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक ठेवायचं. तिथून वाफेची शेपटी निघत राहिली की काम चालू आहे. पाणी कमी झालं तर दुसऱ्या शेगडीवरचं उकळतं पाणी घालायचं; गार घातलं की वाफ बसते आणि वेळेचा हिशेब पहिल्यापासून मोजावा लागतो. मोदकपात्र नसेल तर उभं इडलीपात्र घ्या, नाहीतर मोठं पातेलं आणि त्यावर चाळण.

लांब तुकडा वाफवायचा असेल तर तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे घ्या. वाण्याकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळतात. तळ आणि झाकण कापून एकापुढे एक खुपसायचे, कापलेल्या कडा ठोकून दुमडायच्या (पत्र्याने कापलेलं बोट वाफेइतकंच वाईट), बाहेरून गोणपाट गुंडाळायचं. बोगदा थोडा उतरता ठेवायचा, म्हणजे आत गार होऊन जमलेलं पाणी खालच्या तोंडाने निघून जातं. दोन्ही तोंडांना चिंधीचा सैल बोळा, बस. ज्यांच्या माळ्यावर अजून आजोबांचा तांब्याचा बंब पडून आहे त्यांनी तो उतरवला तरी हरकत नाही, फक्त कुठलंही तोंड बंद करू नये. मी मात्र बंबाच्या वाटेला जात नाही. आमच्याकडचा बंब मोडीत गेला, त्यावरून घरात अजून बोलणी खातो.

वेळेला वर्कशॉपमध्ये एकच माप होतं, इंचाला तास. एक इंच जाडीला एक तास, अर्ध्या इंचाच्या टोकाला अर्धा, फार तर पाऊण. आपल्या कृतीतले दोन तास कुठून आले कळत नाही. जास्त शिजवलं म्हणून लाकूड जास्त वाकत नाही. उलट वाकवताना आतल्या अंगाला मोदकाच्या कळ्यांसारख्या सुरकुत्या पडतात, आणि त्याच रेषेवर पुढे धनुष्य मोडतं.

खरी धांदल लाकूड बाहेर काढल्यावर होते. हातात अर्धं मिनिट असतं, फार झालं तर एक. तेवढ्यात लाकूड फरम्यावर, म्हणजे बाकाच्या साच्यावर, टेकवून, दाबून, क्लॅम्प आवळून झालं पाहिजे. म्हणून फरमा आधी टेबलाला घट्ट बसवायचा, क्लॅम्प तोंडं उघडून ओळीने मांडायचे आणि गार लाकडावर एकदा सगळी कवायत करून घ्यायची. दोन माणसं हवीतच. हातमोजे चामड्याचे घ्या; नागदेवीच्या बाजारात वेल्डरचे मिळतात. सुती मोजे वाफेने भिजले की हातालाच चिकटतात. फरम्याचा बाक हव्या त्या बाकापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, कारण सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतंच.

आता ज्या गोष्टीचा आपल्या कृतीत उल्लेखच नाही ती. वाफवलेलं लाकूड लांबीत २५-३० टक्क्यांपर्यंत दाबलं जाऊ शकतं, पण ताणलं जातं जेमतेम एक-दोन टक्के. वाकवताना आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. म्हणून मोडतं ते नेहमी बाहेरून. वरचा एक तंतू उचकटतो आणि फाट आत धावते. यावरचा उपाय आपल्या मुंबईतल्या कितीतरी माणसांच्या बुडाखाली रोज असतो. इराण्याच्या हॉटेलातली गोल पाठीची खुर्ची बघा. त्या घाटाची मूळ खुर्ची, नंबर १४, मिखाएल टोनेट याच्या कारखान्याने १८५९ साली काढली. बीच झाडाचे दांडे वाफवून वाकवलेले. एकूण सहा लाकडं, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि बोटीने जगभर जायच्या. टोनेटने वाकवताना बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधली, तिच्या दोन्ही टोकांना ठोकळे लावले आणि लाकूड त्यांच्यामध्ये घट्ट धरलं. आता बाहेरची बाजू ताणलीच जाऊ शकत नाही. जे काही व्हायचं ते आतल्या बाजूला दाबलं जाऊन होतं. एवढी एक पट्टी, आणि त्यावर फर्निचरचा धंदा उभा राहिला.

गिरणीत कापसाच्या गाठी यायच्या त्यांना पातळ लोखंडी पट्टी असायची. मी तिचा एक तुकडा अजून सांभाळून आहे. हल्ली तशी पट्टी गोदामांबाहेर पडलेली मिळते, जड खोकी बांधायला वापरतात ती. प्लास्टिकची नको, गरम लाकडावर ती ताणली जाते. लोखंडी पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक किंवा मेणकापड घाला, कारण ओल्या लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाईसारखा काळा डाग पडतो आणि तो रंध्याशिवाय निघत नाही.

लाकडाबद्दल आपल्या लेखात ‘सागवान सर्वोत्तम’ म्हटलं आहे. सागवानाबद्दल मला आदर आहे. वाडियांनी इथल्या गोदीत बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरली आणि ते मुंबईचं सागवान आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. पण जहाजाला टिकाऊपणा लागतो, धनुष्याला लवचीकपणा. वाकून पुन्हा उसळी घ्यायची तर धामण घ्या. कुऱ्हाडीचे दांडे, कावडीचे दांडे धामणीचे करायचे ते उगाच नाही. तुतीही चांगली, चीनपासून कोरियापर्यंत धनुष्यांत ती वापरली गेली आहे. सोसायटीच्या आवारातल्या तुतीवर मात्र परस्पर करवत चालवू नका, फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. रे रोडच्या वखारीत गेलात तर आधी विचारा, माल भट्टीत सुकवलेला की हवेवर? भट्टीतला वाकवताना तडकतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारा, गाठ नसलेला तुकडा निवडा. वखारवाला वैतागला तरी चालेल, पन्नास फळ्या उलथा. प्लायवूड आणि जोडपट्ट्या तर विसराच. सुताराचा पांढरा गोंद वाफेत सुटतो.

आणि बांबू? त्याला वाफेची गरजच नाही. बुरूड बांबू विस्तवावर शेकून वाकवतो, कोरड्या आचेवर, सतत फिरवत, साल करपू न देता. बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवर तिरकमठा करणारा माणूस तर तेवढंही करत नाही. नीट पिकलेला बांबू उभा चिरतो, तासतो आणि दोरी चढवतो. बांबूचे दाट, चिवट तंतू सालीकडे असतात, म्हणून ती बाजू तो जपतो. सरळ धनुष्याला वाफ लागतच नाही, हे आपल्या लेखात पहिल्या ओळीत यायला हवं होतं. वाफ लागते ती टोकं पुढे वळवायची असतील तर, किंवा वाकडं लाकूड सरळ करायला. माझ्याकडे येणारी बहुतेक कामं दुसऱ्या प्रकारची. दोरी मुठीच्या मधोमध पडायला हवी, ती बोटभर बाजूला पडत असते, कारण टोकाने पीळ घेतलेला असतो. वीस-पंचवीस मिनिटं वाफ, उलटा पीळ, क्लॅम्प, झालं.

त्याच लेखात असंही आहे की, अशाच धनुष्यावर सराव करून साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली. २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिने सुवर्ण जिंकलं आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनेही, याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण दोघंही कंपाउंड प्रकारात खेळले. ते कप्प्या आणि तारांचं यंत्र असतं, त्याचा सरंजाम लाखाच्या वर जातो. लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याची आपल्याकडची स्पर्धा म्हणजे इंडियन राउंड, ५० आणि ३० मीटरवरून. आमची नात तीच खेळते. तिच्या धनुष्याला ना दुर्बीण ना कप्पी, आणि आईबापांना परवडणारं तेच आहे. सुट्टीत मुलांना या खेळाकडे वळवायचं तर त्याचं नाव तरी छापायला हवं होतं.

शेवटी सुकवण्याचं, कारण मुंबईत सगळी गंमत तिथेच बिघडते. वाफवलेलं लाकूड फरम्यावरून दुसऱ्या दिवशी सोडलं म्हणजे ते तयार झालं, असं नाही. त्यात ओल असते. ओल्या लाकडावर दोरी चढवली तर बाक उतरतो आणि धनुष्य कायमचं मरगळतं. पुण्या-नागपूरच्या हवेत जे महिन्याभरात सुकेल ते इथे भर पावसाळ्यात सुकणारच नाही. हवेलाच ओल सोडवत नाही, ती लाकडाला काय सोडू देणार? म्हणून हे काम दिवाळीनंतर घ्यावं. टोक फरम्याला हलकं बांधून फ्रीजच्या मागे उभं करावं, तिथे कायम कोमट हवा असते. उन्हात ठेवू नये, वरून सुकतं, आतून ओलं राहतं आणि चिरतं. सुकलं की नाही हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक काट्यावर आठवड्याला वजन करून भिंतीवर पेन्सिलीने लिहावं. ते उतरायचं थांबलं की लाकूड तयार. त्याआधी कितीही मोह झाला तरी दोरी नाही. आणि दोरी चढल्यावर बाण न लावता ती ओढून सोडायची नाही; ती सगळी ताकद मग लाकडातच शिरते.

तेव्हा विनंती एवढीच की, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात खुलासा छापावा: कुकर नको, पीव्हीसी नको, तोंडं बंद नकोत. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी छापलात तर उपयोग. आणि लेखाबरोबरचं चित्रही बदलावं. त्यात सातवी-आठवीतली मुलगी एकटीच, उघड्या हातांनी, पाइपातून वाफाळतं लाकूड ओढून काढताना दाखवली आहे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर
लालबाग, मुंबई